अ‍ॅग्नेसबाईंच्या मुलीचा कागद

अ‍ॅग्नेस हाव्रिला आमच्या चर्चच्या तळघरातील स्वयंपाकघर सांभाळतात. पेनसिल्व्हेनियातील आमच्या गावच्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या, पण ईस्टरआधीच्या उपवासकाळातील शुक्रवारची पिरोही बंद झाली नाहीत. बटाटा आणि चीज भरून करंजीसारखी मुडपायची, उकडायची, कांद्यासह लोण्यात परतायची. मी त्याच चर्चचा झाडलोट करणारा. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला वाचायला अ‍ॅग्नेसबाईंनी शिकवले. म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

ही गोष्ट २०१२ सालची. सरकारने हुकूम काढला की नोकरांच्या आरोग्य विम्यात गर्भनिरोधक गोळ्याही द्याव्यात. कॅथलिक शिकवणीला गर्भनिरोधन मान्य नाही, म्हणून देशभरच्या बिशपांनी विरोध केला. त्यांचे पत्र प्रत्येक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचले गेले आणि बाकांवर निषेधाची छापील कार्डे ठेवण्यात आली. सही करून ती वॉशिंग्टनला धाडायची. कार्डे मांडण्याचे आणि पेन्सिलींना टोक काढण्याचे काम अ‍ॅग्नेसबाईंकडे होते.

त्यांची मुलगी तेरेझा चर्चच्याच वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या कामावर होती. तिला पाळीत अतिरक्तस्राव होई. त्याच गोळ्यांनी तो आटोक्यात राही. आजारासाठी गोळ्या घ्यायला धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाच्या, विम्यात सूट होती, परंतु दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचे पत्र नव्याने मंजूर करून घ्यावे लागे. या खेपेस सात आठवडे उत्तर आले नाही. गोळ्या संपल्या. एका मंगळवारी तेरेझा वॉशिंग मशीनसमोर कोसळली.

त्याच शुक्रवारी आमच्या धर्मप्रांताचे बिशप क्रूसाच्या वाटेच्या भक्तीसाठी आले आणि नंतर जेवायला तळघरात उतरले. थकलेले दिसत होते. अ‍ॅग्नेसबाईंनी ताट ठेवले आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"बिशपस्वामी, आजारावर औषध घेणं पाप आहे का?"

"नाही, बाई. आपली शिकवण तसं म्हणत नाही."

"ते मला ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच शिकवते. तुमच्या कार्यालयाला ठाऊक नाही."

बाईंनी तेरेझाची हकीकत सांगितली. बिशपांनी सगळे ऐकून घेतले.

"सरकारशी वाद चालू आहे," ते म्हणाले. "कार्यालय प्रत्येक कागद वकिलांना दाखवतं. आज दिलेली सूट उद्या सरकार आमच्याविरुद्धच वापरील."

"तुमचा वाद मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण निकाल लागेपर्यंत माझ्या पोरीनं रक्त सांडत बसायचं का?"

बिशपांनी काटा खाली ठेवला. "कागद द्या माझ्याकडे."

डॉक्टरांचा कागद बाईंच्या एप्रनच्या खिशातच होता, पिठाने माखलेला. बिशपांनी तो घडी करून आपल्या झग्यात ठेवला. मग म्हणाले, "पिरोही गार होतायत."

"गार होऊ देत. दुसरी आणते," बाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी मंजुरी आली. तीन महिन्यांची. जूनमध्ये पुन्हा नवे पत्र, पुन्हा तीच वाट पाहणे. तेरेझाने आईला विचारले, "आई, दर खेपेला बिशपांना जेवायला बोलावणार आहेस का?" तिने नोकरी सोडली आणि महामार्गालगतच्या गोदामात लागली. तिथल्या विम्यात गोळ्या मिळतात. कोणी पत्र मागत नाही. मात्र रविवारीही कामावर जावे लागते, त्यामुळे ती मिस्सेला क्वचितच येते.

जुलैमध्ये कार्डांचा नवा गठ्ठा आला. अ‍ॅग्नेसबाईंनी तो बाकांवर नीट मांडला. मी मागून झाडत येत होतो.

"तुम्ही सही केलीत का, बाई?" मी विचारले.

"मेटोदकाका, पेन्सिलींना टोकं काढलीत ना मी? तेवढं पुरे."

मिस्सेनंतर मी बाक पुसले. शेवटच्या बाकावर, जिथे पूर्वी मायलेकी बसत, दोन कोरी कार्डे राहिली होती. बाईंनी ती उचलली आणि उरलेल्या गठ्ठ्यात परत ठेवली.