उघडता येणारी मोटर

माझ्या धाकट्या बहिणीला मैदानावर सगळे लाँड्रीवाली म्हणतात. नाव बरोबर आहे. ती रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करते. ओल्या चादरी भरायच्या, ड्रम फिरवायचे, पिळलेलं ओझं ओढून काढायचं. मनगटं सुताराला शोभतील अशी. आणि कान त्याहून पक्के. ड्रम नुसता गुरगुरला तरी सांगते, "मागचं बेअरिंग गेलं."

सुट्टीच्या दिवशी ती ड्रोन उडवते. चार हात, चार मोटरी, चार पंखे, सगळं स्वतः जोडलेलं. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवून खुर्चीत बसते, आणि तिचं यंत्र मैदानात शर्यतीसाठी उभ्या केलेल्या फाटकांमधून सुसाट जातं. पन्नाशी उलटलेली बाई. उतरवल्यावर टाळ्या पिटते, स्वतःसाठीच.

मी फाउंड्रीत साचे केले. घाम आला नाही तर काम झालं असं मला वाटत नाही. म्हणून या खेळाला आधी नाकं मुरडली. मग एकदा तिने मोटर उघडून झिजलेलं बेअरिंग ठोकून काढलं, नवं बसवलं, तिरकं बसलं म्हणून परत काढलं आणि पुन्हा बसवलं. त्या दिवसापासून नाकं मुरडणं सोडलं.

यंदा तिच्या ड्रोन क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली. बहीण कितीतरी वर्षं राखीव खेळाडू होती, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅटऱ्या उचलायला. या जागेसाठी तिने नव्या मोटरी घ्यायच्या ठरवल्या. दुकानात मीही गेलो.

दुकानदाराने चकचकीत मोटर काढली. "सगळ्यात हलकी. पिसासारखी."

हिने ती उलटी केली. बुड पाहिलं. वरची फिरती वाटी खाली एका बारीक क्लिपने अडकवली होती. "क्लिप निसटली तर वाटी हवेत आणि मी जमिनीवर. याचं बेअरिंग सुटं मिळतं का?"

"बाई, कशाला? नवी मोटर घ्यायची."

"मग ही मोटर नाही, काडेपेटी आहे. एकदा ओढली की संपली."

दुकानदार हसला, पण खालच्या खणातली काढली. ती ओबडधोबड होती. शाफ्ट जाड, बुड जाड, वाटी स्क्रूने आवळलेली, बेअरिंग नेहमीच्या मापाचं. आत तांब्याची एकच जाड तार, बारीक तारांचा जुडगा नव्हे. हिने वाटी बाजूला ढकलून पाहिली. डुगडुगली नाही. मग कानाशी धरून बोटाने फिरवली आणि डोळे मिटले.

"दादा, ऐक."

"मला काही ऐकू येत नाही."

"तेच तर!"

चार घेतल्या. जड होत्या. ते वजन भरून काढायला तिने ड्रोनचे हात बदलून पातळ केले. आपल्याच हुशारीवर इतकी खूश की स्वयंपाकघरात यंत्र घेऊन गिरकी घेतली.

निवडीच्या दिवशी दोघेच उरले होते, ही आणि ड्रायव्हिंग शाळेतले मास्तर. तीन फेऱ्या, वेळेची बेरीज, कमी वेळ त्याची जागा. या क्लबचा एक नियम आहे. सकाळी प्रत्येक मोटरीवर रंगाचा ठिपका देतात. संध्याकाळी त्याच मोटरी दिसल्या पाहिजेत. दुरुस्ती हवी तेवढी करा, बदलायची नाही.

पहिल्या फेरीत ही पुढे. शेवटच्या फाटकाशी यंत्र जरा आपटून उतरलं. उचलायला गेलो तर जळका वास. एका मोटरीतून धूर.

"गेली!" मी म्हणालो.

"गेली कुठे? इथेच आहे." ती पान्हा घेऊन बसलीसुद्धा.

वाटी काढली. आतली तार एका ठिकाणी काळी, मोटर ड्रोनच्या हातावर आवळणाऱ्या स्क्रूच्या भोकाच्या बरोब्बर वर. तिने तो स्क्रू पातळ हातातून घालून पाहिला. टोक भलतंच बाहेर आलं. हात पातळ केले, स्क्रू जुन्या जाड हातांचेच राहिले. टोक तारेला टेकलं, घासत राहिलं आणि आपटल्यावर चिकटलं.

"अगं बाई!" तिने कपाळाला हात लावला. "दादा, मीच माझ्या मोटरीला टाचणी टोचली." आणि हसत सुटली. मला हसू येत नव्हतं. चारही मोटरींना तेच स्क्रू होते.

मास्तर बघायला आले. "काय, लाँड्रीत इस्त्री जास्त तापली?"

"आखूड स्क्रू आहेत का, ते सांगा आधी."

"माझे हात पहिल्यापासून पातळ." त्यांनी डबीच पुढे केली. "घ्या. जळक्या मोटरीला हरवून काय मजा?"

दुसऱ्या फेरीआधी जेवणाची सुट्टी होती. जेवलं कोण? बाकीच्या तिन्ही मोटरींना मी आखूड स्क्रू लावले. एकच जाड तार होती म्हणून हाताने गुंडाळता येणार होती. तिने जळलेला भाग उलगडला, वेढे मोजले, खरचटलेल्या लोखंडावर वॉर्निशचा थेंब दिला. मी फडक्यात गुंडाळलेल्या पकडीत मोटरीचा दातेरी गाभा धरला आणि मोजत गेलो. ती एकेक वेढा ताणून घेत होती. तारेने बोट कापलं. बोट तोंडात घातलं, पुन्हा तार धरली.

"चालेल गं एवढं," मी म्हणालो.

"हा वेढा सैल आहे. सैल वेढा थरथरतो." तिने गाभ्याच्या त्या दातावरची सगळी तार काढली आणि पहिल्यापासून गुंडाळली. त्या क्षणी मला ती फाउंड्रीत हवी होती.

क्लबचे प्रमुख चष्म्याचं दुकान चालवतात. तेच ओरडले, "लाँड्रीवाली, नंबर आला! बाद धरू का?"

"बाद धराल तर ड्रममध्ये घालून पिळून काढीन!"

कथिलाचा शेवटचा डाग दिला, मीटर लावलं. तार लोखंडाला कुठेच टेकत नव्हती. मोटर आखूड स्क्रूंनी बसवली, पंखा चढवला आणि पळाली.

दुसरी फेरी जपून उडवली. मास्तर पुढे गेले. उतरल्याबरोबर तिने मोटरीला बोट लावलं, मग बाकीच्या तिन्हींना. "सारख्याच गरम आहेत, दादा! सारख्याच!"

तिसऱ्या फेरीला मास्तर आधी उडाले आणि झकास उडाले. मग ही. पहिल्याच वळणावर यंत्र खांबाला इतकं चिकटून गेलं की मी खाली वाकलो, जणू माझंच डोकं आपटणार होतं. दुसरं फाटक, तिसरं. चारही मोटरींचा आवाज एकच, अखंड. वेग कमी करायच्या जागी तिने वाढवला. मी काहीतरी ओरडत होतो. काय ते आठवत नाही. मास्तरही ओरडत होते, "दाबा! दाबा!" स्वतःची जागा जातेय हे विसरून.

यंत्र रेषेपलीकडे गेलं. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं, बेरीज केली, पुन्हा केली. मग खाली वाकून चारही ठिपके तपासले.

"जागा तुमची. शनिवारी सरावाला या."

ती खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. चष्मा कपाळावर तसाच.

"शनिवारी माझी पाळी आहे!" असं म्हणून तिने खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मुकादम, शनिवारची पाळी कोण घेतंय? काय वाट्टेल ते करा, मी संघात आहे!"