झोका मोजायचा राहिला

आमच्या नोएडाच्या घराचा मागचा छज्जा नियमापेक्षा रुंद आहे. तो आईच्या हट्टापायी रुंद झाला, असं आमच्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाला बाबांनी सांगितलेलं आहे. पाहुणे हसतात, आई हसते, मी काहीतरी आणायच्या निमित्ताने आत जाते. माझा स्वभावच कमी बोलण्याचा, असं सगळे समजतात. ते अर्धंच खरं आहे. तो छज्जा आईमुळे रुंद नाही.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्नानंतरचा आईचा सगळा संसार दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत झाला, आणि क्वार्टरच्या छताला कड्या ठोकायच्या नाहीत हा बाबांचा कायदा. बाकीचे लोक व्हरांडे बंद करून खोल्या काढत होते, पण आमच्याकडे खिळासुद्धा विचारून. त्यामुळे आईच्या माहेराहून आलेला झोपाळा, म्हणजे शिसवी फळी आणि पितळी साखळ्या, कायम पलंगाखाली. क्वार्टर बदललं की तो टेम्पोतून जायचा आणि नव्या पलंगाखाली जाऊन पडायचा.

मग बाबांना नोएडात प्लॉट लागला. तेव्हा आमचा सेक्टर म्हणजे आखलेले रस्ते, विजेचे खांब आणि मधूनमधून उरलेली मोहरीची शेतं. देशात नुकतंच सगळं खुलं झालं होतं. नव्या गाड्या आल्या होत्या, टीव्हीवर चॅनेलं वाढली होती आणि ज्याला त्याला घरात संगमरवर हवा होता. आई म्हणाली, "मला संगमरवर नको, बाथटब नको. हॉलमध्ये झोपाळा हवा."

प्लॅन मी काढला. नुकतीच पास होऊन मी एका आर्किटेक्टकडे लागले होते. सही त्यांची, रेघा माझ्या. समोर किती जागा मोकळी ठेवायची, मागे किती, जिना किती रुंद, छज्जा भिंतीपासून किती बाहेर काढायचा, हे सगळं नियमावलीत होतं. बाबांनी ती विकत आणली आणि रोज सकाळी अंघोळीनंतर वाचायला घेतली. शेजारच्या प्लॉटवरच्या पंजाबी अंकलनी त्यांना समजावून पाहिलं. "भाईसाहब, पीछे की जगह कवर कर लो. सब करते हैं."

"नियम है ना," बाबा म्हणाले.

"नियम तो है जी, पर जगह भी तो है!"

बाबांनी ऐकलं नाही. गल्लीत एकच घर शंभर टक्के नियमात असेल आणि ते माझ्या मुलीने काढलेलं असेल, असं ते भेटेल त्याला सांगत. मला तेव्हा छान वाटायचं.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी झोपाळ्याच्या कड्या सळ्यांना बांधायच्या म्हणून मी साइटवर गेले. भिंती उभ्या होत्या, वर फळ्या ठोकलेल्या, खाली टेकूच्या बल्ल्यांचं जंगल. कड्यांची जागा दाखवायला मी हॉलच्या मधोमध उभी राहिले, मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि चूक दिसली. प्लॅनमध्ये मी झोपाळा अगदी सुबक काढला होता: एक आयत, चार कोपऱ्यांना चार ठिपके. थांबलेला झोपाळा. तो हलतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने पायाने जरा जोरात रेटा दिला असता, तर जाताना गुडघे स्वयंपाकघराच्या चौकटीत आणि येताना पाठ भिंतीवर.

सरळ सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी सकाळीच बाबांनी दूधवाल्यालाही माझा प्लॅन समजावून सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा साइटवर नव्हते. सांगलीहून पाहुणे आले होते, आणि महाराष्ट्रातून कुणी आलं की दिल्लीच्या मराठी माणसाला त्यांना पानिपतला न्यावंच लागतं. ताजमहाल राहिला तर चालतो. बाबा तिथे उभं राहून लढाई अशी सांगायचे, की या खेपेला निकाल बदलेल असं वाटावं. निघताना मला म्हणाले, "तू आहेस ना साइटवर? मग मला काय बघायचंय!"

ते गेले आणि मी ठेकेदाराला सांगितलं, मागचा छज्जा वाढवा, झोपाळ्याच्या कड्या तिथे टाका.

"मैडम जी, बाबूजी मारेंगे."

"तुम्हें नहीं, मुझे."

"फिर ठीक है," तो म्हणाला आणि त्याने सळ्या लांब करायला घेतल्या. संध्याकाळी बाबा पानिपत हरून परत आले तेव्हा स्लॅब टाकून झालेला होता. आईला मी सांगितलं, झोपाळा हॉलमध्ये नको, मागे उन्हात छान वाटेल. ती इतकी खूष झाली की मला तिच्याकडे बघवेना.

फळ्या निघाल्यावरही बाबांच्या काही लक्षात आलं नाही. मुलीचं काम, ते कशाला मोजायचं? झोपाळा लागला. पुढे घर पुरं झाल्याचा दाखला घ्यायची वेळ आली आणि तपासणीला एक तरुण इंजिनीयर आला. समोरची जागा मोजली, बाजूची मोजली, खूष होऊन त्याने टेप गुंडाळला. ठेकेदारही आलेला होता. मी चहा ओतत होते.

"पीछे का छज्जा नहीं नापा आपने," बाबा म्हणाले.

"रहने दीजिए अंकल जी, ठीक ही होगा."

"ठीक होगा नहीं. नापिए."

टेपचं एक टोक बाबांनी स्वतः भिंतीला धरलं. छज्जा नियमापेक्षा जास्त भरला. बाबांनी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच.

"मैंने तो कहा था रहने दीजिए," इंजिनीयर काकुळतीला येऊन म्हणाला. स्वतःचा गुन्हा असा आग्रहाने मोजून देणारं घर त्याने पाहिलं नसावं. आता त्याला लिहिणं भागच होतं.

बाबा ठेकेदाराकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या गाळणीकडे पाहिलं.

"त्याला बोलू नका," आई दारातून म्हणाली. "मी सांगितलं होतं. मला मोठा हवा होता."

छज्जा वाढवल्याचं तिला काहीही माहीत नव्हतं. तिने फक्त माझा चेहरा पाहिला होता.

इंजिनीयर म्हणाला, जास्तीचा भाग तोडा, नाहीतर दंड भरून नियमित करून घ्या. "तोडायचा," बाबा म्हणाले. छज्जा तुटला की बाहेरच्या कड्या जाणार, आणि झोपाळा पुन्हा पलंगाखाली. आई नुसतं "बरं" म्हणाली. बाबा कुणाशीही वाद घालू शकत, पण या "बरं"पुढे त्यांचं काही चालत नसे. सकाळी उठून ते मुकाट्याने दंड भरून आले. तेव्हापासून आई आमच्या घरातली "आरोपी". पाहुणे आले की खटला उभा राहायचा.

गेल्या थंडीत नवे शेजारी येऊन गेले. खटला झाला, हसणं झालं. ते गेल्यावर आई-बाबा झोपाळ्यावर उन्हात बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, छज्जा मी वाढवला होता. आईने नाही. हॉलमध्ये झोपाळा मावत नव्हता. मी तो थांबलेला काढला होता."

बाबांनी पायाने झोपाळा थांबवला. "झोका मोजला नाहीस?"

"नाही."

"डिग्री फर्स्ट क्लासची ना?"

"हो."

ते काठी घेऊन उठले आणि टेप शोधत आत गेले. मला इतकं हलकं वाटलं, की आईकडे बघायला मी विसरलेच. ती रागावली होती.

"कशाला सांगितलंस?"

"अगं, तू उगाच इतकी वर्षं ऐकून घेतलंस..."

"ऐकून घेतलं? या घरात एक गोष्ट माझ्या हट्टाने झाली, असं हे चारचौघांत सांगत होते. एकच. तीही काढून घेतलीस?"

गुन्हा कबूल केल्यावर तो परत मागणारं कुणी असेल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

बाबा बाहेर आले. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद. "खरंच मावत नाही गं!"

"अहो, तिचं काय ऐकताय?" आई म्हणाली. "छज्जा मीच वाढवायला लावला. तिची काय हिंमत होती तेव्हा!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेप हळूच खिशात टाकला. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि झोपाळ्याकडे आले.

"तुम्ही खुर्ची घ्या," आई म्हणाली आणि माझ्यासाठी जरा सरकली. "तिला बसू द्या इथे."