डाव्या हाताची भिंत

सुतारकाम करणाऱ्या माझ्या दादाचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हापासून त्याने कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. परवा सकाळी मी गेले, तर वहिनीने त्याला तिथे स्टुलावर बसवलं होतं आणि डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर ती पेन्सिलने खुणा करत होती.

“हात लांब करा,” ती म्हणायची. जिथे त्याची बोटं टेकत, तिथे खूण, मग खुंटी. करवत, हातोडी, काटकोन पाहायचा गुण्या, सगळं उजव्या भिंतीवरून उतरून इकडे येत होतं. खुर्चीचे पाय आखायच्या लाकडी फर्म्यांसाठी तिने खाचा पाडलेली एक फळीही ठोकली होती.

“कशाला हा खटाटोप? डाव्या हाताने साधी रेघ सरळ येत नाही मला,” दादा म्हणाला.

“नाही आली तर नाही. हाताशी तर असू दे.”

मी खुंट्या देत उभी होते. बाळ यायच्या आधी आपण घरातला एक कोपरा रिकामा करतो. जागा करणं हीसुद्धा वाट पाहण्याचीच रीत असावी. नुसता तोंडाने धीर देणाऱ्या आम्हाला ती सुचली नव्हती.

वहिनीने लाकूड कोरायची पटाशी टांगली, तसा दादा करवादला, “अगं, धार वर करून टांगतात का? हात कापेल माझा!”

तो उठला, भिंतीला खांदा टेकवून उभा राहिला आणि डाव्या हाताने त्याने पटाशी उलटी टांगली.

“मग रंधा ठेवायची फळी कुठे ठोकू?” वहिनीने विचारलं.

दादाने भिंत नीट न्याहाळली. “जरा खाली,” तो म्हणाला.