नाड्यावर बसलेली बाई

"नाड्यावर बसलीस? सगळ्या चिखली गावादेखत?"

"मग काय बैलाच्या शिंगावर बसू? पानी वर यायला नगं?"

"बाईमाणसानं वाफ्याची दारं धरायची. मोट न्हाई!"

"मोट धरायला गडी हाय का घरात? कांद्याला पानी काय तुमचा कंपनीचा भोंगा पाजणार?"

दादू रात्रपाळी उरकून पिंपरीहून आला होता, अंगणात सायकल टेकवायच्या आधीच तोंड सुटलेलं. सकाळी कारखान्याच्या फाटकात त्याच्या पाळीतला सोनबा म्हणाला होता, "काय राव, लुगड्यातला मोटकरी ठेवलाय म्हणं!" सगळे हसले. दादूलाही हसावं लागलं होतं.

दादू कंपनीत लागला तेव्हापासून मोट त्याचा भाऊ भिमाजी हाकायचा. या पंधरवड्यात तोही कंपनीत चिकटला. मग आसूड दादूच्या बायकोनं, गवराबाईनं, उचलला. आधी ती बैलांमागून नुसती चालायची. पण बैल धावेवरून, विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरताना नाड्यावर, त्या जाड दोरावर, माणसाचा भार लागतो. नाहीतर विहिरीतून पाण्यानं भरलेली चामड्याची मोट त्यांना ओढवत नाही. काल एका बैलानं गुडघे टेकले. गवराबाईनं कासोटा आवळला आणि बसली.

"आगं, हिसका वटीपोटात बसतो," चुलीपासून ठकुबाई, तिची सासू, म्हणाली. "कूस धरायची न्हाई. आधीच एक गेलं."

गवराबाई वळली. "कवा गेलं, आत्याबाई?"

ठकुबाई फुंकणी फुंकत राहिली.

"कंपनीची भिंत उठत व्हती. चौथ्या म्हयन्यात मी घमेल्यानं दगूड वाहत व्हते. भाकर बांधून तुमीच धाडायचा."

"जुनं उकरू नगंस," दादू म्हणाला. "आज चाकणचा बाजार हाय. बैल इकून टाकतो. मोटच नगं."

"आन् कांदा?"

"जळू दे."

"माझ्या हातचा हाय त्यो!" तिचा आवाज चिरकला. "तवाच कंपनीच्या मुकादमाला तुमीच म्हनला व्हता, 'माझी बायको दोन गड्यांचं काम करती, साहेब, आता मला बी आत घ्या.' घेतलं त्येनं. सांगा की, तवा न्हाई वाटली लाज?"

दादूनं डोक्यावरची टोपी सारखी केली. गोठ्यात जाऊन दोन्ही बैलांची दावी सोडली आणि दारात उभ्या बायकोकडे न बघता, बैल पुढं घालून चाकणच्या वाटेला लागला.