रस्ता पुसणारे मामा

मुलगी बघायला निघण्यापूर्वी तुम्ही कधी स्वतःचं तोंड तेलाने पुसून पाहिलं आहे का? नसेल, तर माझ्या मोठ्या मामांची आणि तुमची अजून गाठ पडलेली नाही. साऱ्या खानदेशात असा हा एकच गृहस्थ, ज्याला माणसाचा चेहरा दिसतच नाही; त्यावर बसलेला रस्ता तेवढा दिसतो. मामांनी उभा जन्म एसटी चालवली, कधी अमळनेरहून धुळ्याला, कधी जळगावला. पुढच्या ट्रकचा धूर दिवसभर तोंडावर घ्यायचा आणि घरी येऊन बोअरच्या खाऱ्या पाण्याने साबण लावायचा, की चेहऱ्याला भेगा. शेवटी एके दिवशी त्यांनी साबण सोडला. तोही लोक दारू सोडतात तसा: शपथ घेऊन, आणि बाकीच्यांनीही सोडावा म्हणून जन्मभर मागे लागून.

त्यांची रीत ठरलेली. हिवाळ्यात तिळाचं तेल, उन्हाळ्यात करडईचं, आणि त्यात थोडं एरंडेल. कोरड्या चेहऱ्यावर ते सावकाश चोळायचं, मग जुन्या धोतराचं फडकं गरम पाण्यात पिळून तोंडावर दाबायचं आणि पुसायचं. पण मामांचा जीव खरा अडकलेला त्यानंतरच्या क्षणात, म्हणजे फडकं उजेडात धरून बघण्यात. तेल आणायला ते स्वतः स्टीलची बरणी घेऊन घाण्यावर जात. बोट बुडवून वास घेत आणि घाणेवाल्याला तोंडावर सांगत, "हाई तेल नही भाऊ, पाणीनी बहीण शे!" घाणेवाला हात जोडून म्हणे, "नाना, तुम्ही पेन्शन घेतली, आता आम्हालाही सुखाने जगू द्या." निवृत्तीनंतर तर ते रोज सकाळी अमळनेरच्या स्टँडवर बाटली आणि फडकी घेऊन बसू लागले. उतरणाऱ्या प्रवाशाला पकडायचं, बाकावर बसवायचं, पुसायचं आणि फडकं त्याच्या नाकासमोर धरायचं. "देख! बठ्ठा रस्ता तुना तोंडवर शे!" बठ्ठा, म्हणजे सगळाच्या सगळा. माणूस ओशाळला, की लगेच खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तोंड काळं नही शे रे, रस्ता काळा शे."

हे वाक्य मला फार आवडलं. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं येत, त्यामुळे आवडलेल्या वाक्याचं पत्रक करायचं एवढंच मला ठाऊक. गोरं करणाऱ्या क्रीमविरुद्ध मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, छापलं आणि पहिली प्रत मामांना दिली. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, दोनदा उलटसुलट केलं, मग त्याचं नरसाळं वळून बरणीतलं तेल बाटलीत ओतलं. म्हणाले, "कागद चांगला शे. तेल पित नही." एवढी मोलाची दाद मला पुन्हा कोणी दिलेली नाही.

मग ताईला बघायला धुळ्याहून मुलगा येणार असं ठरलं. ताई माझी थोरली बहीण, रंगाने सावळी. आधीच्या स्थळांनी "मुलगी हुशार आहे, पण" असं म्हणून निरोप धाडले होते आणि त्या 'पण'ने आईची झोप उडवली होती. या खेपेला तिने ताईला पार्लरमध्ये बसवून चेहऱ्यावर क्रीम आणि पावडरीचे थर चढवून आणले. ताई आरशात बघून एवढंच म्हणाली, "ही कोण?" मामा जळगावला आमच्या दारात आले, तशी आईने त्यांची बाटली काढून घेतली आणि पिठाच्या डब्यात पुरली. "भाऊ, आज हे नाही. माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

मामांनी मान डोलावली आणि खरंच शब्द पाळला, निदान पाहुणे येईपर्यंत. मे महिना, हायवेचं काम चाललेलं आणि जीपच्या काचा उघड्या. मुलगा आणि त्याची आई दारात उभी राहिली ती भुरकट होऊन. "तोंडावरून जरा पाणी फिरवावं म्हणते," त्या बाई म्हणाल्या. पाणी हा शब्द मामांना सोसला नाही. ते आत गेले आणि पोह्यांच्या फोडणीसाठी काढलेली करडईच्या तेलाची वाटीच उचलून घेऊन आले. आई स्वयंपाकघरातून "भाऊ!" म्हणते आहे, तोवर बाईंच्या चेहऱ्यावर तेल चढलं होतं. फडकं काळं निघालं. "देखा बाई, बठ्ठा रस्ता!" बाई चक्क हसल्या. मग मुलगा बसला. त्याचं फडकं आधी काळं निघालं. मामांनी घडी बदलून पुन्हा पुसलं, तर गुलाबीसर पांढरं. मामा बुचकळ्यात पडले. असा रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. "हाई कोनता रस्ता शे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आईने लावलं, जीपमध्ये."

तेवढ्यात ताई पोहे घेऊन आली. तिने ते फडकं पाहिलं, त्या मुलाचा उघडा सावळा चेहरा पाहिला, ट्रे खाली ठेवला आणि मामांसमोर बसली. "मामा, माझंही पुसा."

निरोप दोन्ही घरांच्या मध्यस्थाकडून आला: "मुलगी चांगली आहे, पण." ताईने त्या दिवसापासून पार्लरची पायरी चढायची नाही असं ठरवलं आणि ते अजून पाळलं आहे. आईने मात्र मामांशी बोलणं टाकलं. "तुझ्या तेलापायी मोडलं," एवढंच ती म्हणाली होती. मामा बाटली न मागताच गावी परतले.

भाऊबीजेला ते रेल्वेने आले, कारण न येणं त्यांना जमणारं नव्हतं. ओवाळण्याआधी भावाला तेल लावायचं, म्हणून आईने तिळाचं तेल कोमट केलं. ताईने पिठाच्या डब्यातली ती बाटली आणून शेजारी ठेवली. आईने मामांचा चेहरा हळूहळू चोळला, फडकं पिळून पुसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ते उजेडात धरलं. फडकं कोरं होतं. दरवर्षी ते स्टँडवरची सकाळ आटोपून येत, तेव्हा काळं निघायचं.

"भाऊ," आई म्हणाली, "स्टँडवर जात नाहीस का रे तू?"

मामांनी बाटलीवरचं पीठ बोटाने पुसलं. आईने तेच फडकं मग स्वतःच्या डोळ्यांना लावलं.

आता ते पुन्हा स्टँडवर बसतात, पण स्वतःहून कोणाला हाक मारत नाहीत. बाटली बाकाखाली असते. म्हणून वाचकहो, एवढं करा. पुढच्या वेळी कोणाची मुलगी बघायला निघालात, तर आधी तेलाने आपलं तोंड पुसा आणि फडकं उजेडात धरा. आणि वाट अमळनेरवरून जात असेल, तर स्टँडवरच्या त्या म्हाताऱ्यासमोर बसून आपणहून म्हणा, "मामा, माझंही पुसा."