दादाची बंद बाजू

माझा दादा मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यावर त्याचं घर चालतं, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवणं त्याला कामचुकारपणा वाटतो. खुर्ची बोटभर सरकलेली दिसली तरी विचारणार, "इथे कोण बसलं होतं?" मी सख्खी बहीण, पण मी खोलीत शिरले की स्क्रीन काळा. मला याचा राग यायचा, अजूनही येतो.

घरात कॉम्प्युटर एकच, पण त्यात दोन सिस्टिम आणि दोन डिस्क. सुरू केला की विचारतो, कुठल्या बाजूने जायचं? एक बाजू वहिनीची. ती गणवेश शिवते, तिची मापं आणि नमुने तिथे. दुसरी दादाची. ती त्याने एन्क्रिप्ट केलेली. एखादी फाइल नव्हे, अख्खी डिस्कच. चाळीस अक्षरांचा पासवर्ड दिल्याशिवाय आतलं एक अक्षर दिसायचं नाही.

आत काय होतं ते सांगूनच टाकते, लपवाछपवीचा मला वीट आलाय. अकरा वर्षं लिहीत आणलेली कादंबरी होती. कुणी ढापेल म्हणून तो बोलला नव्हता. वहिनीला भलताच संशय. "तिकडे कुणीतरी बाई आहे," काजं करता करता ती मला एकदा म्हणाली, "नाहीतर स्वतःच्या घरात माणूस एवढी कुलपं लावतो?" मी हसण्यावारी नेलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकलीच.

कुलूपबंद डिस्क दुसऱ्या सिस्टिममधून बिघडल्यासारखी दिसते, एवढं तरी दादाने सांगायला हवं होतं. सांगितलं तर वहिनी तिकडे डोकावेल, ही त्याला भीती. मग एका दुपारी अपडेट झालं आणि वहिनीपुढे सूचना आली: डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? काही बिघडलं की पहिला आळ आपल्यावरच येणार, हे तिला पाठ होतं. तो यायच्या आत सगळं ठीक करावं म्हणून तिने घाईघाईने 'हो' दाबलं.

संध्याकाळी दादाचा पासवर्ड चालेना. मला बोलावलं, मी दुरुस्तीवाल्याला आणलं. दादा त्याच्या खांद्यावरून त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा.

"कुलपाची माहिती डिस्कच्या सुरुवातीला असते, कुणीतरी फॉरमॅट केल्याने तीच पुसली गेलीय," दुरुस्तीवाला म्हणाला. "आता खरा पासवर्डही उपयोगाचा नाही. दुसरीकडे कॉपी असेल ना?"

कॉपी नव्हती. कॉपी म्हणजे चोराला दुसरं दार, हे दादाचं मत.

दुरुस्तीवाला गेल्यावर दादाने वहिनीला विचारलं, "मुद्दाम केलंस?"

मला तर त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. "काय होतं आत?" वहिनीने विचारलं.

"कादंबरी," दादा म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तो शब्द कुणापुढे उच्चारला होता. "माझी."

वहिनी त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, रोज एक पान मला वाचून दाखवलं असतंत," ती म्हणाली, "तर निम्मी तरी आत्ता मी तुम्हाला सांगितली असती."