पिंपाची तोटी

केंदूरच्या जत्रेत तमाशाचा तंबू लागला की ढोलकीच्या आधी बद्रुद्दीनचाचांच्या सोड्याची गोळी वाजायची. गाणाऱ्या बायकांचा घसा बसला, तर चाचा पडद्यामागं आल्याचा सोडा धाडायचे आणि पैशाचं नाव काढलं की रागवायचे. असा रुबाबदार माणूस आज स्वतःच्याच अंगणात, एका पिंपासमोर, तोटीला हात न लावता बसला होता.

गेल्या उन्हाळ्यात गोळी-सोड्याच्या यंत्रावर बाटली फुटली. काचेचा तुकडा शेजारी बसलेल्या हमीदाची, त्यांच्या बायकोची, भुवई चिरून गेला. डोळा थोडक्यात वाचला. चाचांनी यंत्र भंगारात घातलं. मग भाच्यानं, शाकीरनं, पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून बिअरचं स्टीलचं पिंप आणून दिलं. घरी केलेलं आल्या-लिंबाचं पाणी त्यात गार करायचं, गॅस मुरवायचा आणि तोटीनं बाटल्यांत भरायचं.

पिंप बघून शेजारची रंगुबाई म्हणाली होती, "चाचा, ह्ये बाहेर ठिवू नका. आमचं मालक तुमच्या वसरीलाच मुक्कामाला येत्याल."

हमीदा मात्र हसली नव्हती. "बाटल्या नीट भरल्या तर धंदा करा," ती म्हणाली, "न्हाई तर पिंप विका आन् दौंडला शाहिस्ताकडं चला. लेक कवाची बोलावतीय."

आज बाटल्या भरून बघायचा तोच दिवस. काच उडाली तर अडावी म्हणून चाचांनी स्वतःच्या आणि हमीदाच्या मधे ओलं पोतं दोरीवर टांगलं होतं. त्यांनी श्वास धरून तोटी कणभर उघडली. फस्स झालं आणि बाटली नुसत्या फेसानं भरली. तळाला दोन बोटं पाणी. दुसरीचं तेच. तिसरीतला फेस मनगटावर उसळला, तशी बाटली आता फुटतेच, असं वाटून चाचा चटकन उठले.

"हमीदा, आत जा."

"मी आत आन् तुम्ही बाहेर? मग डॉक्टरला बोलवायचं कुणी?"

चाचांनी चौथी बाटली उचलली. काच कोमट लागली.

"ही गरम कशी गं?"

हमीदा पोत्याआडून हळूच म्हणाली, "कढत पाण्यात घातल्यात सगळ्या. जी फुटायची ती तिथंच फुटू दे. तुमच्या हातात नको."

चाचांनी बाटली खाली ठेवली. त्यांनी शाकीरला फोन लावला.

"मामा, गरम बाटलीत फेस येणारच," शाकीर म्हणाला. "आधी साध्या पाण्यात, मग बर्फात घाला. एकदम बर्फात नको, तडकतील. पिंपातला दाब थोडा उतरवा. तोटीची नळी बाटलीच्या तळाला टेकवा आन् तोटी पूर्ण उघडा."

"पूर्ण?"

"कणभर उघडली की जास्तच फेसाळतं, मामा. भ्यायचं न्हाई."

बाटल्या गार झाल्या. चाचांनी पिंपावरची कडी ओढली. सूं करून गॅस सुटला. बाटली फुटायच्या आधी यंत्रातून असाच आवाज आला होता. हमीदाच्या बांगड्या पोत्यामागं वाजल्या, म्हणजे ती तिथंच होती. तिसरी घंटा झाली की कितीही भीती वाटली तरी नटाला रंगमंचावर जावंच लागतं. चाचांनी नळी तळाला टेकवली आणि तोटी पूर्ण उघडली.

काहीच आवाज झाला नाही. पाणी तळातून गुमान वर चढलं. गळ्याशी आल्यावर पांढऱ्या फेसाची टोपी तेवढी उठली. हमीदानं पोत्याआडून हात काढून त्या फेसावरच पत्र्याचं बूच ठेवून दाबलं. दोघंही बाटलीकडं बघत राहिली. बाटली उभीच होती.

तेवढ्यात शाहिस्ताचा फोन आला.

"यंदा न्हाई जमायचं, बाळा," हमीदा म्हणाली. "बाटल्या भरतोय."

बोलता बोलता, नीट दिसावं म्हणून, तिनं पोतं बाजूला सारलं. चाचांनी ते मुकाट्यानं पुन्हा मधे ओढलं आणि दुसऱ्या बाटलीत नळी सोडली.